शिकायला वय नसते, पण इथे प्रश्न वयाचा नव्हताच

इंगेबोर्ग रापोपोर्ट यांना २०१५ साली हॅम्बुर्ग विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, तेव्हा त्या १०२ वर्षांच्या होत्या. ती बातमी अजूनही अधूनमधून फिरत असते आणि तिच्याखाली ‘शिकायला वयाची अट नसते’ अशा धाटणीचे कौतुक असते. मला ते कौतुक खटकते. बाईंचा घटसर्पावरचा प्रबंध १९३८ सालीच तयार होता. राहिली होती ती फक्त तोंडी परीक्षा, आणि तीही त्यांना देऊ दिली गेली नव्हती.

त्यांचा जन्म १९१२ सालचा, कॅमेरून या तेव्हाच्या जर्मन वसाहतीतला. त्या वाढल्या हॅम्बुर्गमध्ये आणि प्रोटेस्टंट संस्कारांत. पण आई ज्यू वंशाची, एवढे कारण नाझी कायद्याला पुरेसे होते. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक रुडोल्फ डेगक्विट्झ यांनी, प्रचलित कायदे आड आले नसते तर आपण हा प्रबंध स्वीकारला असता, असे लेखी दिले. हे डेगक्विट्झ १९२३ च्या हिटलरच्या फसलेल्या उठावात सामील होते आणि पुढे नाझीविरोधी मतांपायी स्वतःच तुरुंगात गेले. माणसांची सरळ विभागणी करता येत नाही, ती अशी.

१९३८ सालीच त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे वैद्यकीय पदवी नव्याने मिळवून सिनसिनाटीत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागल्या. तिथेच त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल मित्या रापोपोर्ट यांच्याशी लग्न केले. दोघेही कम्युनिस्ट असल्यामुळे सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात त्यांना तो देशही सोडावा लागला. अखेर १९५२ साली हे कुटुंब पूर्व बर्लिनमध्ये स्थायिक झाले. तिथल्या शारिते रुग्णालयात बाईंनी नवजात अर्भकांच्या वैद्यकाचा विभाग उभा केला, त्या विषयाच्या प्राध्यापक झाल्या आणि अर्भकमृत्यू कमी करण्याच्या कामासाठी पूर्व जर्मनीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाला.

एवढे सगळे पदरात असलेल्या व्यक्तीला सन्मान म्हणून एखादी पदवी सहज देता आली असती. बाईंनी मात्र परीक्षाच दिली. दृष्टी जवळजवळ गेलेली असल्यामुळे परिचितांनी घटसर्पावरचे नंतरच्या काळातले संशोधन शोधून त्यांना सांगितले आणि त्यांनी ते ऐकून तयारी केली. मे २०१५ मध्ये विद्याशाखेचे अधिष्ठाता आणि आणखी दोन प्राध्यापक त्यांच्या बर्लिनच्या घरी आले, दिवाणखान्यातच परीक्षा झाली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. हा खटाटोप आपण स्वतःसाठी नव्हे, तर नाझी काळात अन्याय झालेल्या सर्वांसाठी केला, असे त्यांनी सांगितले. मला हा आग्रह फार योग्य वाटतो. मानद पदवीने विद्यापीठाचे औदार्य दिसले असते. परीक्षेमुळे मात्र १९३८ साली नेमके काय नाकारले गेले, याची नोंद विद्यापीठाच्या स्वतःच्याच दप्तरात झाली.

बाईंच्या राजकारणाबद्दल माझे मन तितके निःशंक नाही. पूर्व जर्मनी कोसळल्यानंतरही त्या समाजवादीच राहिल्या आणि तिथल्या आरोग्यव्यवस्थेची बाजू घेत राहिल्या. त्या राजवटीने माणसांवर ठेवलेली पाळत आणि मध्ये उभारलेली भिंत मला दृष्टीआड करता येत नाही. पण एका देशाने वंशामुळे आणि दुसऱ्याने विचारांमुळे ज्यांना दूर लोटले, त्यांना विभाग आणि प्राध्यापकपद तिसऱ्याने दिले, हेही तितकेच खरे आहे. २०१७ साली, १०४ व्या वर्षी, त्या बर्लिनमध्येच वारल्या.