तुतारी आणि वाजवी निर्बंध

यंदा सोसायटीच्या गणपतीतलं प्रहसन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी ‘थोडंफार लिहितो’ अशी इमारतीत वदंता आहे. मी उदारमतवादी माणूस. म्हणजे भांडण झालं की दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकून घेतो आणि मग दोन्हीकडून शिव्या खातो. विषय मुद्दाम बिनधोक निवडला होता. राजाची पालखी खड्ड्यात पडते आणि हा खड्डा नसून नियोजित तलाव आहे, असं प्रधान राजाला पटवून देतो. बारा पानं झाली. नट सगळे इमारतीतलीच पोरं.

वाचन पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झालं. तिसऱ्याच मिनिटाला खजिनदारांनी हात वर केला.

“हा राजा म्हणजे आपले भाऊ ना?”

मांडवाचा खर्च भाऊंनी उचललाय. गेटवर त्यांचा फ्लेक्सही आहे, त्यात गणपती डाव्या कोपऱ्यात आणि भाऊ उरलेल्या जागेत. “छे छे,” मी म्हणालो, “हा कुठलाही राजा.”

“मग भाऊ का नाही?”

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षागृहात बसलेल्यांना कळत होतं, पण बंदी यायला १९१० उजाडलं. साहेबाच्या पदरी आमच्या खजिनदारांसारखा एक माणूस असता, तर तीन वर्षं वाया गेली नसती.

राजाचा निकाल लागला (त्याचा ‘एक गृहस्थ’ झाला), आणि मग वस्तूंची झडती सुरू झाली. गृहस्थाच्या आगमनाला मी तुतारी लिहिली होती. “तुतारी नको, एका गटाची होईल.” बरं, मशाली घेऊन दोन सेवक येऊ देत. “मशाल दुसऱ्या गटाची.” मग सेवकांच्या खांद्याला धनुष्यबाण लावू. यावर कोणी बोललंच नाही, नुसतेच सगळे माझ्याकडे बघत राहिले. पहिला सेवक विचारतो, “किती वाजले?” आणि दुसरा भिंतीकडे बघतो. भिंतीवर घड्याळ! पक्ष फुटला, घड्याळ एकाकडे गेलं, तुतारी दुसऱ्याकडे, आणि माझ्या नाटकातली वेळ बंद पडली. प्रधानाने हात वर करून “थांबा!” म्हणायचं होतं. पंजा दिसतो म्हणून मूठ वळायला सांगितली, तर मूठ आक्रमक वाटते. तलावातली कमळं मी आपणहून काढली. महाराष्ट्रात आता राजकारणात न गेलेली वस्तू म्हणजे बहुधा पोळपाट. तोही कुठल्या तरी अपक्षाचा निघेल.

पडद्यावर झाडी आणि डोंगर रंगवायचे होते. पण जून २०२२ मधल्या बंडखोर आमदारांच्या त्या गुवाहाटी दौऱ्यानंतर हे दोन शब्द एका दमात म्हणताना कोणाचाही चेहरा सरळ राहत नाही. सामान खोक्यांतून येणार, हे तर मी सांगितलंच नाही. पेट्या म्हणालो.

शेवटी मी राज्यघटना काढली. कलम १९, भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. सेक्रेटरी निवृत्त अधिकारी. “पुढचं उपकलम वाचा,” ते म्हणाले, “वाजवी निर्बंध.” खरं होतं. घटना अमलात आल्यावर दीड वर्षाच्या आत, १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीने तो ‘वाजवी’ तिथे आणून बसवला. त्याच्या अर्थावर न्यायालयांत तेव्हापासून खल चाललाय; आमच्याकडे तो पाच मिनिटांत लागला. जो तुतारी वाजवी, त्याच्यावरचा निर्बंध वाजवी.

“पण नुसतं हसलं तर चालेल ना?” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. सगळे हसले, मीही हसलो, आणि मग मला पालघर आठवलं. २०१२ साली तिथल्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं, अटक मात्र दोघींनाही झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा एवढा गाजावाजा झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दच केलं. काकूंना हे सगळं मी समजावून सांगितलं. “म्हणजे तेव्हा हसायला नको होतं, नंतर चाललं असतं,” त्या म्हणाल्या. बरोबरच होतं.

हे सगळं चाललं असताना बाहेरच्या कोणीही आम्हाला काहीही विचारलेलं नव्हतं. भाऊंना प्रहसन आहे हेच ठाऊक नव्हतं. प्रत्येक काटछाटीनंतर “तुमचं बरोबर आहे हो, पण कशाला उगाच?” एवढंच कोणीतरी म्हणायचं आणि मी निमूटपणे ओळ खोडायचो. लाल पेनही माझंच होतं.

बारा पानांची अडीच झाली. प्रयोगाच्या रात्री गृहस्थ आला, कशात तरी पडला. सातवीतला मुलगा प्रधान झाला होता. त्याचं पाठांतर जुन्या संहितेचं. त्यामुळे खोडलेली वाक्यं तो बोलत नव्हता, पण त्यांच्यासाठी लागेल तेवढा वेळ इमानदारीने थांबत होता. “महाराज, हा तर...” आणि गप्प. पहिल्या गप्पेला मागून एक जण फिस्सकन हसला. दुसरीला चार रांगा. तिसऱ्या वेळी प्रधानाने सहज गेटवरच्या फ्लेक्सकडे मान वळवली आणि मांडव डोक्यावर घेतला गेला. काकू पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. पुढच्या वर्षीपासून लेखकाने कुठे किती सेकंद थांबायचं तेही आधी लेखी द्यावं, असा ठराव खजिनदारांनी मांडला. अनुमोदन कोण देतंय, असं सेक्रेटरींनी विचारलं. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग काकूंना हसू आलं.