कस्टम बेसिस सेट कशाला, या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी पोरांना उगाच कस्टम बेसिस सेटच्या (बेसिस सेट म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडायला अणूंवर ठेवलेली फंक्शन्स; ती आपण निवडून इनपुटमध्ये घातली की कस्टम) नादी लावतोय, सगळीकडे डेफ२-टीझेडव्हीपी हा तयार सेट टाकावा आणि मोकळं व्हावं, कारण हाताने घातलेल्या बेसिसवरचं काम दुसऱ्याला पडताळून बघता येत नाही. हे शेवटचं मला बिलकुल पटलेलं नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

पाण्याचा एक रेणू घ्या आणि ६-३१जी* हा बेसिस सेट. गॉसियन या क्वांटम केमिस्ट्रीच्या प्रोग्रॅममध्ये नुसतं हे नाव टाकलं की आउटपुटमध्ये १९ बेसिस फंक्शन्स दिसतात, तेच नाव ऑर्का या दुसऱ्या प्रोग्रॅमला द्या, १८ येतात. बेसिस पोपल यांच्या ग्रुपचाच, ऑक्सिजनवरच्या डी फंक्शनचा एक्स्पोनंटही (फंक्शन किती पसरट ते ठरवणारा आकडा) दोन्हीकडे ०.८, पण गॉसियन या जुन्या सेटसाठी सहा कार्टेशियन डी धरतं आणि ऑर्का कायम पाचच. त्या सहांमधून एक्स वर्ग अधिक वाय वर्ग अधिक झेड वर्ग असं जे जास्तीचं फंक्शन तयार होतं ते गोल असतं, एस सारखं वागतं, आणि एनर्जी थोडी खाली ओढतं. म्हणजे पेपरात फक्त नाव छापलं तर दोघांची उत्तरं जुळणार नाहीत आणि चूक कुणाचीच नसेल! आणि तोच सेट गॉसियनमध्येच जेन कीवर्डने (बेसिस स्वतः इनपुटमध्ये लिहितो तेव्हाचा) दिलात तर तिथे डिफॉल्ट ५डी, म्हणजे पाच डी, परत १८. म्हणून ५डी की ६डी हे मी रूट लाइनमध्ये, म्हणजे इनपुटमधल्या कीवर्डच्या ओळीत, लिहायलाच लावतो. मग सांगा, नुसतं नाव जास्त भरवशाचं की एक्स्पोनंटसकट इनपुटमध्ये समोर दिसणारा अख्खा सेट?

आयोडीनसाठी डेफ२ चांगला, यात वाद नाही, मीही तोच घेतो. लॅनएल२डीझेड या दुसऱ्या सेटमध्ये आयोडीनचे ४६ इलेक्ट्रॉन ईसीपीत (आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरलेलं तयार पोटेन्शियल) जातात, उरतात ७, आणि त्यांच्यावर डी पोलरायझेशन (इलेक्ट्रॉन ढगाला आकार बदलू देणारी जादा फंक्शन्स) नाही, त्यामुळे हॅलोजन बाँडसारख्या कामाला तो तसाच वापरू नये. पण डेफ२-टीझेडव्हीपीने सगळं भागत नाही हो. अ‍ॅनायनला डिफ्यूज, म्हणजे लांबवर पसरलेली, फंक्शन्स लागतात, एनएमआरच्या जे-कपलिंगला न्यूक्लियसजवळची टाइट फंक्शन्स लागतात, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये धातूवर मोठा सेट आणि लांबच्या फिनाइलवर लहान असं करावं लागतं नाहीतर जॉब संपतच नाही. यातलं प्रत्येक काम म्हणजे कस्टम बेसिसच झाला की.

एक्स्पोनंट मनाने बदलून हवं ते उत्तर काढणारे लोक असतात हे तुम्ही लिहिलंय ते खरंय, आणि ते मलाही चीड आणणारं आहे. सेट ‘बेसिस सेट एक्स्चेंज’ या साइटवरून जसाच्या तसा उतरवावा, काही जोडलं असेल तर का जोडलं ते लिहावं, आणि पूर्ण इनपुट पेपरच्या सप्लिमेंटरीत द्यावं. एवढं केलं की कुणालाही पडताळता येतं.

तुमच्या विद्यार्थ्याचा मिथाइल आयोडाइडचा जॉब व्यवस्थित संपतो पण एनर्जी भलतीच येते असं लिहिलंत, तर आउटपुटमध्ये अल्फा आणि बीटा (दोन उलट स्पिनच्या) इलेक्ट्रॉनची ओळ बघायला सांगा. डेफ२ बरोबर २८ इलेक्ट्रॉनचा ईसीपी लागला असेल तर १७ आणि १७ दिसायला हवेत. ३१ आणि ३१ दिसले तर जेनईसीपीच्या (बेसिससोबत ईसीपीही वाचणारा कीवर्ड) जागी जेन पडलंय, म्हणजे आयोडीनचे ५३च्या ५३ इलेक्ट्रॉन २५ साठी बनवलेल्या बेसिसमध्ये कोंबले गेलेत. कीवर्ड बदला, शेवटच्या चार चांदण्यांनंतर एक ओळ रिकामी सोडून ईसीपीचा भाग चिकटवा, त्याच्याखाली परत एक रिकामी ओळ. तरीही नाही जमलं तर इनपुट फाइल इथेच खाली टाका, मी बघतो.