शनीचे चंद्र मोजणं पुरे, जरा फीबीकडे बघा

मार्च 2025 मध्ये शनीचे 128 नवे चंद्र जाहीर झाले, आकडा 274 वर गेला आणि जिकडेतिकडे एकच मथळा: शनीने गुरूला आणखी मागे टाकलं! मला या शर्यतीच्या भाषेचा मनापासून राग येतो. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: ‘हे कसले चंद्र, नुसते धोंडे.’

माझं म्हणणं असं, की शनीची खरी गोष्ट या धोंड्यांपाशीच आहे. फीबी हा शनीचा छोटा चंद्रच घ्या. व्यास जेमतेम 213 किलोमीटर. शनीपासून सरासरी 1 कोटी 29 लाख किलोमीटर लांब, एका फेरीला दीड वर्ष, आणि तीही शनीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट्या दिशेने. शनीभोवतीच्या धूळ-वायूतून जन्मलेला चंद्र असा उलटा फिरत नाही. ही बाहेरून आली आणि शनीच्या ओढीत अडकली. नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पट्ट्यातून आली असावी, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं.

1899 साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम पिकरिंग यांना ती फोटोच्या काचांवर सापडली. फोटोवरून सापडलेला हा पहिला चंद्र. पण त्या काचा पेरूमध्ये अरेकिपाजवळ दुर्बिणीला लावल्या होत्या डीलाइल स्टुअर्ट यांनी. त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून मी आवर्जून घेतोय.

आता हे बघा. खगोलशास्त्रज्ञ कासिनी यांनी 1671 मध्ये आयपेटस हा शनीचा चंद्र शोधला. तो शनीच्या एका बाजूला दिसायचा, दुसरीकडे गेला की गायब. कारण त्याची एक बाजू काजळीसारखी काळी आहे. ही काजळी आली कुठून? 2009 मध्ये स्पिट्झर या अवकाशातल्या दुर्बिणीला शनीभोवती एक अवाढव्य, विरळ कडं दिसलं. फीबीवर उल्का आदळून उडालेल्या धुळीचं! ती धूळ हळूहळू आत सरकते आणि समोरून येणाऱ्या आयपेटसच्या तोंडावर बसते. काळा भाग उन्हाने जास्त तापतो, तिथला बर्फ उडून जातो आणि तो आणखी काळा होतो. सव्वातीनशे वर्षांचं कोडं, आणि उत्तराची सुरुवात या एका ‘धोंड्या’पाशी.

याच कासिनींच्या नावाचं, शनीकडे गेलेलं यान आखणाऱ्यांना फीबीचं मोल ठाऊक होतं. फीबी वाटेत गाठता यावी अशीच शनीवर पोहोचण्याची वेळ त्यांनी ठरवली. कक्षेत शिरल्यावर इतक्या लांब परत येणं जमलं नसतं. 11 जून 2004 ला यान तिच्यापासून 2,068 किलोमीटरवरून गेलं. एवढी एकच भेट. शनीच्या अशा लांबच्या, बाहेरून येऊन अडकलेल्या बाकी एकाही चंद्राजवळून आजवर यान गेलेलं नाही. पुढची मोहीम खास यांच्यासाठी निघायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.