दोन सुरांमधलं भाट

चतुर्थी आठ दिवसांवर आली होती. माटोळीचं सामान, नेवऱ्यांचं सारण, सगळं सोडून मी रात्री साडेअकराला लॅपटॉपसमोर बसून गणपतीची आरती दोन्ही बाजूंनी आवळत होते.

निमित्त लेकीचं व्हायोलिन. यंदा घुमट-शामेळ या तालवाद्यांच्या जोडीला आरतीत आपणही वाजवायचं, असं तिनं जाहीर केलं. मी पेटीवाली. माझ्या चौकटीच्या वहीत एका घरात एक मात्रा, तालाचा विभाग संपला की उभी रेघ. जागा पुरत नाही अशी तक्रार त्या वहीनं कधी केली नाही. पण लेकीला पाश्चात्त्य पद्धतीच्या पाच रेघांवरच सूर वाचता येतात.

शेजारचे मेस्त मदतीला आले. आयुष्य चर्चच्या क्वायरमध्ये गेलेला माणूस, पण चतुर्थीला आमच्या नेवऱ्या खायला पहिला. त्यांनी मुलासाठी कधीकाळी हीच आरती पाच रेघांवर छापून घेतली होती, लीगल आकाराच्या आडव्या कागदावर, खाली रोमी, म्हणजे रोमन, अक्षरांत शब्द. फाइल कधीच गेली, कागद उरला. तो स्कॅन केला, सूर ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून काढला, म्युझिक-एक्सएमएल फाइल झाली, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधलं नोटेशन दुसऱ्यात नेणारी, ती नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली.

पहिल्या ओळीत चार बार (दोन उभ्या रेघांमधला एकेक खण म्हणजे बार), सकाळी आठच्या फोंडा-पणजी बससारखे चेंगरलेले. दुसऱ्या ओळीत एकच बार. त्यातले चार सूर डाव्या समासापासून उजव्यापर्यंत पाय पसरून बसलेले. तिसऱ्या ओळीत परत चार, चौथीत परत एक. (गोव्यात रात्री बार मोजत बसलेल्या बाईबद्दल लोक काय म्हणतील, तेही मनात येऊन गेलं.)

मेस्तांनी चष्मा वर सरकवला. “अगो, हांगा घर, थंय घर, आनी मदीं पांच एकर भाट!” भाट म्हणजे आमच्याकडची माडांची बागायत.

मी त्या एकट्या बारची रुंदी कमी केली. ढिम्म. पुन्हा केली. ओळीत एकटाच असल्यावर तो उजव्या समासापर्यंत ताणला जाणारच, हे मला कोण सांगणार? मग सात मिलिमीटर उंचीच्या पाच रेघा पाच मिलिमीटरवर आणल्या. सगळं झकास बसलं. लेकीनं कागद स्टँडवर ठेवला, दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, “आई, मुंग्या आहेत.”

भाच्यानं फोनवरून सल्ला दिला, मिडी कर. मिडीत कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात आणि किती वेळ, असलीच माहिती असते. पानाशी त्याला देणंघेणं नाही. मी कीबोर्डवर आरती वाजवली. माझा हात जिथे जिथे किंचित उशिरा पडला, तिथे तिथे नोटेशनमध्ये सुरांमधल्या विश्रांतीच्या इवल्याशा खुणेची पावती फाटली. ती फाइल मी कुणाला न दाखवता उडवली.

सकाळी मेस्तांनी मूळ कागदच स्क्रीनला टेकवला आणि बोटानं मोजलं. एका ओळीत पाच बार! उभ्या ए-फोरवर मावत होते चार. पण ‘पाचव्यानंतर ओळ तोड’ हा जुना हुकूम फाइलबरोबर आला होता. पाचवा खाली ढकलला जायचा आणि त्याच्या पाठीवर लगेच तो हुकूम. इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये ओळी-पानं तोडण्याची खूण काढून फाइल पुन्हा उघडली, आणि बार शहाण्यासारखे ओळीत बसले.

एक सोडून. त्या बारमध्ये एका सुराखाली अख्खं धृपद लोंबकळत होतं. ओळखताना शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि अक्षरं तोडणाऱ्या छोट्या आडव्या रेघा गळाल्या होत्या. अक्षरं एकमेकांवर चढू नयेत म्हणून सॉफ्टवेअर बिचारं सूरच लांब सरकवत होतं. तेव्हा एकेक अक्षर एकेका सुराखाली लिहायला घेतलं, आणि घेतलंच आहे तर देवनागरीत.

इथे मेस्त आणि मी भांडलो. त्यांच्या रोमीत ‘वार्ता’मधला र पहिल्या सुराला चिकटलेला. माझा रफार ‘ता’च्या डोक्यावर. कर्ता, हर्ता, वार्ता, तिन्हीकडे तेच. मी म्हटलं वा-र्ता. ते म्हणाले, मग पहिल्या सुरावर र म्हणायचाच नाही? गाऊन पाहिलं तर त्यांचंच बरोबर. मी मुकाट्यानं ‘वार्’चा पाय मोडला.

दुपारी प्रिंट काढली. लेकीनं ती स्टँडवर ठेवून शेवटपर्यंत वाजवली. मेस्त खूश झाले, चहा प्याले आणि पिशवीतून आणखी सहा आडवे कागद काढून टेबलावर ठेवले. शंकराची, देवीची, विठोबाची...

“हे उरल्यात गो.”