चुन्याची पोती उघडू नका, दादा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साबुकंदाला (म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात त्या कसाव्याला) चुना लागतो हे केरळात सगळ्यांना ठाऊक आहे, युरिया टाकून टाकून आपल्या जमिनीही आंबट झाल्यात, आणि मी 'चुना नको' असं लिहून शेतकऱ्यांचं नुकसान करतोय. शेवटी लिहिलंय की तुमच्या साबुकंदाचे शेंडे पिवळे पडलेत आणि चुन्याची दोन पोती आणून ठेवलीत. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

केरळातलं खरं आहे, पण तिथल्या मातीपुरतं. जांभी माती आणि आपल्या तिपटीहून जास्त पाऊस. चुना, मॅग्नेशियम धुऊन जातं, सामू (मातीचा आंबटपणा दाखवणारा आकडा, pH; सातच्या खाली आंबट) पाचाच्या खाली उतरतो आणि सुटं झालेलं ॲल्युमिनियम मुळांना बाधतं. तिथे चुना टाकायलाच हवा. आपल्याकडे मराठवाड्यात सात-आठशे मिलिमीटर पाऊस, खाली काळा पाषाण. चुनखडी इथे धुऊन जात नाही, साचते. सामू आठच्या पुढे असलेली रानं आपल्याकडे गावोगाव आहेत.

खात्री करायची तर सहा इंच खालचं एक ढेकूळ बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. माझ्या पांढऱ्या पट्ट्यातल्या ढेकळावर बुडबुडे येतात, कान जवळ नेला तर चरचर ऐकू येते. तो आवाज चुनखडीचा.

आता युरियाचं. युरियानं माती आंबट होते हे बरोबरच आहे, पण किती? ४५ किलोचं एक पोतं साधारण ३७ किलो चुनखडी खातं. एकराच्या वरच्या सहा इंचांत अंदाजे आठ लाख किलो माती असते. तिच्यात फक्त १ टक्का चुनखडी धरली तरी ८ टन झाली. म्हणजे दोनशेहून जास्त पोती लागतील! आणि आपल्या रानांत ती ५, १० टक्केही निघते. याच हिशेबानं गंधक टाकून सामू उतरवणंही परवडत नाही, १ टक्का चुनखडीलाच एकरी अडीच टन गंधक लागेल.

मग शेंडे पिवळे का? उसाच्या खोडव्यात केवडा पडतो ना, म्हणजे पानं पिवळी पडतात, तेच हे. मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. तमिळनाडूत सेलमकडच्या चुनखडीच्या रानांतही साबुकंदाला हाच त्रास होतो. कोवळं पान उन्हाकडे धरून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोह कमी आहे. पान बारीक, अरुंद राहून पांढरट पट्टे आले तर जस्त कमी. खालची जुनी पानं कडेनं करपली तर पालाश (पोटॅश) बघा. तुमच्या वर्णनावरून मला लोह वाटतंय. त्यात चुना पडला तर पिवळेपणा वाढेलच.

एक चूक मात्र माझी आहे. 'साबुकंद कसल्याही जमिनीत येतो' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य आज काढलं. त्याला सामू साडेपाच ते साडेसहा मानवतो. पाणी धरणाऱ्या भारी काळ्या रानात कंद सडतात आणि काढताना तुटतात. निचऱ्याची, मध्यम, मुरमाड जमीनच घ्या, पांढरा पट्टा सोडून द्या. केरळातली हेक्टरी १००:५०:१०० किलो नत्र-स्फुरद-पालाशची मात्राही जशीच्या तशी उचलू नका. काळ्या मातीत पालाश बहुधा चांगला असतो, म्हणून माती तपासल्याशिवाय पोटॅशवर पैसे घालू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठात तपासणी होते.

आत्ता एवढं करा: १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत), त्यात दोन-तीन लिंबांचा रस, आणि फवारा संध्याकाळी. लिंबू न घालता ठेवलं तर पाणी तांबूस होऊन लोह वाया जातं. पुढच्या वर्षी लावणीआधी बेण्याच्या कांड्या १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम झिंक सल्फेट घालून पंधरा मिनिटं बुडवा.

फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी नव्या पानाचा फोटो इथेच टाका. जुनी पिवळी पानं तशीच राहतील, नवीन फुटीकडे बघा.