बाकावरचे ३४.२ गुण

सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी ऑफिसातल्या आमच्या फॅन्टसी लीगमधला एकजण मला म्हणाला, "अरे, काल आपली मॅच होती का?"

होती. आणि तीत तो जिंकला होता. ०.६ गुणांनी.

ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू वाटून घेण्याच्या, रात्रीनंतर या गृहस्थाने ॲप उघडलेलं नाही. त्याचा ड्राफ्टसुद्धा कॉम्प्युटरनेच केला, कारण त्या वेळी तो मुलाला पोहायला घेऊन गेला होता. त्याच्या संघात एक खेळाडू शुक्रवारीच 'आउट' जाहीर झालेला, म्हणजे खेळणारच नव्हता. तरी तो तसाच मुख्य संघात पडून राहिला आणि त्याने शून्य गुण मिळवले. इकडे मी बुधवारपासून सरावाचे अहवाल वाचतोय, वाऱ्याचा वेग बघतोय, बायकोची बोलणी खातोय. आणि हा विचारतो, आपली मॅच होती का.

ज्यांना हे फॅन्टसी फुटबॉलचं प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसातले बाराजण आपसात वाटून घेतात. ड्रीम इलेव्हनसारखा दर सामन्याला नवा संघ काढता येत नाही, जो वाट्याला आला त्याच्याशी डिसेंबरपर्यंत संसार. दर आठवड्याला दोघादोघांची मॅच: आपल्यातले काही खेळवायचे, बाकीचे बाकावर बसवायचे. खेळवलेल्याने चेंडू झेलला की एक गुण, दहा यार्ड गेला की एक, टचडाउनला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की, सहा, चेंडू हातातून घालवला की उणे दोन. बाकावरच्याने आकाशपाताळ एक केलं तरी तुम्हाला भोपळा.

१९६२ साली ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाच्या बिल विंकनबाख नावाच्या भागीदाराने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून याची कल्पना काढली आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांची पहिली लीग सुरू झाली. ते लोक कागदपेन्सिल घेऊन वर्तमानपत्रातून बेरजा करायचे. कुणाची मांडी मर्यादित दुखतेय की पूर्ण, हे त्यांना मिनिटामिनिटाला कळत नसे. सुखी माणसं!

आम्हाला कळतं. म्हणजे कळल्यासारखं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस संघ दुखापतींची यादी देतात: पूर्ण सराव, मर्यादित सराव, सराव नाही. शुक्रवारी नावापुढे शिक्का बसतो. 'आउट' म्हणजे नाही. 'डाउटफुल' म्हणजे बहुतेक नाही. आणि 'क्वेश्चनेबल', म्हणजे नुसता क्यू, याचा अर्थ तुमचा शनिवार गेला. पूर्वी 'प्रॉबेबल' असाही एक शिक्का असायचा, त्याने जरा धीर यायचा. २०१६ मध्ये तो काढून टाकला. आता कुणाचं नख दुखो की स्नायू फाटो, शिक्का एकच. कोचला विचारावं तर तो म्हणतो, बघू. कोट्यवधी डॉलर घेऊन माणूस 'बघू' म्हणतो!

माझ्या रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या गड्याला, मांडीचा क्यू होता. सामना रविवारी दुपारी एकला. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाचा गणपती त्याच रविवारी, एका शाळेच्या जिममध्ये. (इथे गणपती पंचांगाने येतो, पण उत्सव हॉल मिळेल त्या तारखेला होतो.) सामन्याच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी येते. साडेअकराच्या आरतीत मी टाळ एका हाताने कसा वाजवावा याचा शोध लावून ती पाहिली. त्यात माझ्या गड्याचं नाव नव्हतं. म्हणजे खेळणार. पण किती? जाणकार म्हणत होते, जपून खेळवतील. बाकावर एक धडधाकट रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) होता, सामान्य, पण ठणठणीत. दोघांच्या अंदाजी गुणांत ०.१ चा फरक. पाऊण वाजता महाप्रसादाच्या रांगेत मी अंगठ्याने एकाला वर, एकाला खाली, परत एकाला वर करत उभा होतो.

"काय शेअर मार्केट का?" मागून आवाज आला.

मागे एक काका. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, पांढऱ्या सदऱ्यावर मुलीच्या युनिव्हर्सिटीचं जॅकेट, हातात रिकामी प्लेट. मी म्हटलं, नाही काका, संघ लावतोय.

"तुझा संघ हाय?"

"हो."

"इकत घेतलास?"

"नाही."

"मग तुझा कसा?"

याला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. मी मुकाट्याने सगळं समजावलं. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"आरं, म्हंजे ड्यूटी लावायची!"

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावण्यात त्यांची हयात गेली. कोण रजेवर, कोण दांडीवर, कुणाला मुक्कामी गाडी द्यायची, कोण स्पेअर. निवृत्तीनंतर त्यांच्या हातून ही सत्ता गेली होती, ती मी मसालेभाताच्या रांगेत त्यांना परत दिली.

"ह्यो क्यू कसला?"

"मांडी दुखतेय. खेळेल की नाही, नक्की नव्हतं."

"डॉक्टरचा दाखला?"

"तसा नसतो, काका. संघच कळवतो."

"कधी कळवलं?"

"शुक्रवारी."

काका हसले. अख्ख्या महामंडळाचा अनुभव त्या हसण्यात होता. "शुक्रवारी ज्याची मांडी दुखती ना, त्यो रविवारी जत्रंत दिसतो. बसव त्याला."

"पण काका, तो आज खेळतोय, आणि चांगला खेळाडू आहे."

"चांगला हाय म्हणूनच बसवायचा. साध्या माणसाला बसवून कुणाला वचक बसतो?"

मी सांगून पाहिलं की हा वचकाचा प्रश्न नाही, त्या माणसाला मी जन्मात भेटलेलो नाही, मी त्याला बसवलं हे त्याला कळणारसुद्धा नाही. काका म्हणाले, "कळतं. सगळ्यांना कळतं."

रांग पुढे सरकत नव्हती, कारण पुऱ्या संपल्या होत्या. बारा पन्नास झाले. काकांना या कामातली अनिश्चितता कळावी म्हणून मी त्यांना जोनास ग्रेची गोष्ट सांगितली. २०१४ चा नोव्हेंबर. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला रनिंग बॅक इंडियानापोलिसविरुद्ध २०१ यार्ड पळाला, चार टचडाउन केले. देशभर लोकांनी धावाधाव करून त्याला आपापल्या संघात घेतलं. त्या शुक्रवारी तो झोपून राहिला, सरावाला उशिरा पोचला. रविवारी डेट्रॉइटविरुद्ध कोचने त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. लाखो लोकांच्या संघांत तो खेळत होता आणि प्रत्यक्षात बाकावर बसला होता. मला वाटलं, काका हळहळतील.

"बरोब्बर केलं!" काकांनी प्लेट मांडीवर आपटली. पुढच्या दोन वहिनी वळून बघू लागल्या. "नाव काय त्या कोचचं?"

"बेलिचिक."

"आगार व्यवस्थापक व्हायला पायजे हुता. चार टचडाउन केलं म्हणून काय पहाटंची गाडी आठला सोडायची?"

आणि बोलता बोलता त्यांनी रिसीव्हरला खाली ओढलं, रनिंग बॅकला वर केलं. ॲपने विचारलं, नक्की का? काकांनी नक्की म्हटलं. तेवढ्यात पुऱ्या आल्या, रांग धावली, माझ्या प्लेटमध्ये श्रीखंड पडलं आणि एक वाजला. कुलूप. आता संघ बदलता येत नाही.

माझ्या बाकावरच्या मांडीदुख्याने नऊ चेंडू झेलले. १३२ यार्ड. दोन टचडाउन. ३४.२ गुण. ठणठणीत गडी चार वेळा पळून ११ यार्ड गेला आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करून आला: उणे ०.९. आता हिशेब करा. मी हरलो ०.६ ने. म्हणजे ती जागा मी नुसती रिकामी ठेवली असती तरी ०.३ ने जिंकलो असतो. नेमकं हेच त्या ॲप न उघडणाऱ्याने केलं होतं! त्याच्या न खेळणाऱ्या माणसाने माझ्या खेळणाऱ्या माणसाला हरवलं. यात माझं काय चुकलं ते कुणी सांगावं. निरोगी माणूस खेळवावा, हे चूक?

खेळाडू माझ्यासाठी खेळत नाहीत, एवढं मला कळतं. २००७ मध्ये फिलाडेल्फियाचा ब्रायन वेस्टब्रुक डॅलसविरुद्ध समोर मोकळी रेषा असताना एक यार्ड अलीकडे मुद्दाम गुडघा टेकून बसला, घड्याळ संपवायला. संघ १०-६ ने जिंकला. ज्यांच्या फॅन्टसी संघात तो होता ते सहा गुणांसाठी घराघरांत बोंबलत बसले. तो बरोबर होता. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर.

या लीगमध्ये मी हौसेने आलेलो नाही. अकराजण होते, बारावा हवा होता. त्याआधी सोमवारी सकाळी मी कॉफी घेऊन त्यांच्या कडेला उभा राहायचो आणि सगळे हसले की हसायचो. आता निदान मांड्या-पोटऱ्यांवर चार वाक्यं बोलता येतात. पण रस्ता एकेरीच. २०२४ च्या जूनमध्ये भारत बार्बाडोसला टी-२० विश्वचषक जिंकला, त्या सोमवारी मी ऑफिसात काजू कतली नेली. सगळ्यांनी आवडीने खाल्ली आणि विचारलं, वाढदिवस कुणाचा? मी म्हटलं, माझा. कोण समजावत बसणार? त्यांच्या तिसऱ्या फळीच्या टाइट एंडचा घोटा मला पाठ असावा लागतो आणि बुमराहचं नाव त्यांना एकदाही विचारावंसं वाटत नाही. बरं, एवढं पाठ करून हरायचं कुणाकडून, तर ज्याला मॅच होती हेही माहीत नाही त्याच्याकडून. वर तो पाठीवर थाप मारून म्हणतो, हा सगळा नशिबाचा खेळ आहे रे, फार मनावर घेऊ नकोस.

बुधवारी संध्याकाळी काकांचा फोन. नंबर मंडळाच्या यादीतून काढला म्हणे. वाटलं, बिचारे दिलगिरी व्यक्त करतील.

"मांडीवाला आज कामावर हुता का?"

"मर्यादित सराव, काका."

"मर्यादित म्हंजे सही करून घरी. परत बसव."

"काका, त्याने ३४ गुण काढले!"

"काढणारच. एक दिवस बसवला म्हणून काढलं. बघितलास वचक?"

तेव्हापासून मी त्यांचा फोन उचलत नाही. आता ते बायकोच्या नंबरवर करतात, आणि ती म्हणते, एवढं सांगतायत मोठी माणसं, तर ऐक की.