सी ड्राइव्हला पूर आला तर

पूर मोजायला आपल्याला आकडे लागत नाहीत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकच विचारतो: दुतोंड्या मारुतीला कुठवर आलं? घोट्यापर्यंत असेल तर चहा घ्यायचा, कमरेपर्यंत असेल तर बघायला जायचं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही हाच हिशेब लावा. सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली, म्हणजे दहा टक्केसुद्धा जागा उरली नाही, की पाणी छातीला लागलं म्हणायचं आणि मोबाइलमधले आणखी फोटो आणून ओतायचे.

फारच अडलं तर फाइली डिलीट करा. रिसायकल बिन मात्र चुकूनही रिकामी करू नका. तिथे गेलेली फाइल त्याच ड्राइव्हवर तेवढीच जागा अडवून बसलेली असते. पण रद्दी हॉलमधून उचलून जिन्याखाली टाकली की घर आवरल्यासारखं वाटतंच ना? तसंच हे. विंडोज ७ असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. जानेवारी २०२० पासून त्याचे अपडेट बंद आहेत, म्हणजे तेवढी जागा वाचली.

डिस्कवर ३२० जीबी छापलंय आणि कॉम्प्युटर २९८ दाखवतोय? एम. जी. रोडवर जाऊन दुकानदाराशी जरूर भांडा. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, हे तो सांगेल. ऐकून घेऊ नका. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आता सराफ बाजारात दहाच ग्रॅमचा धरतात, ते आपण मुकाट्याने चालवून घेतो. पण बावीस जीबी म्हणजे काय थट्टा आहे?

आता फोल्डरांकडे वळू. २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो ‘कुंभ’, ‘कुंभ नवीन’, ‘कुंभ फायनल’ आणि ‘कुंभ फायनल खरं’ अशा चार ठिकाणी असायलाच हवेत. चारही एकाच डिस्कवर. कोणतं पुसायचं हे मामा आल्यावर ठरवू, असं म्हणून ठेवायचं. मामा दरवर्षी येतात आणि मिसळ खाऊन जातात. बाबांनी श्रीलिपीत टाइप केलेली सोसायटीची पत्रंही राहू द्या. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती अशी काही दिसतात की पासवर्डची गरजच नाही.

आणि सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे डी ड्राइव्ह. आपल्या घरातल्या माळ्यासारखी: जे टाकवत नाही आणि लागतही नाही, ते सगळं वर. सी आणि डी या एकाच डिस्कवर मारलेल्या रेघा आहेत, माळाही त्याच घराच्या भिंतींवर उभा असतो, असं भाचा सांगायला लागला तर त्याला पोहे द्या.

मग एके रात्री डब्यातून टकटक ऐकू येईल. अशा वेळी कॉम्प्युटर ताबडतोब बंद करून डिस्क काढणं हे घाबरटांचं काम. आत वाचणारं हेड अडखळत असतं, तेव्हा प्रत्येक रिस्टार्टला आणखी काहीतरी जातं. म्हणून निदान सहा वेळा रिस्टार्ट करा. डब्यावर एक चापट. देवाचं नाव. मग डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची हलवाहलव, लावून झोपा.

सकाळी दुकानात गेल्यावर तो पहिलाच प्रश्न विचारेल, “बॅकअप आहे का?” इथे मान ताठ ठेवायची. खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवायचा. मागच्या दिवाळीत डेस्कटॉपवरचं ‘कुंभ फायनल खरं’ तुम्ही स्वतःच त्यात कॉपी केलंय. एवढा मोठा फोल्डर आणि पापणी लवायच्या आत कॉपी झाला, याचं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. तो पेनड्राइव्ह लावेल, स्क्रीन तुमच्याकडे फिरवेल. आयकॉनच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण असेल. साइज, २ केबी.

“हा शॉर्टकट आहे, काका. डी ड्राइव्हचा.”